मीठ पडलं!

"हे पातेलं बसमध्ये येणार नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून येतंय ते," असं म्हणून ओफिर पातेल्यासकट पायरीवर चढली आणि तिथेच ठाण मांडून उभी राहिली. सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी कधीच रामराम ठोकलेली बाई. पण एकदा उभी राहिली की तिला हलवणं कुणाच्या बापाच्याने व्हायचं नाही.

मागच्या रांगेत गलका सुरू झाला. रविवारची सकाळ, आणि काली शहरातल्या ज्यांच्याकडे ना गाडी ना क्लब, ती सगळी माणसं टायरच्या ट्यूबा, केळीचे घड आणि पोरं घेऊन पान्से नदीवर निघालेली. "अहो, घ्या की आत! नदीवर काय नुसता वारा खायचा का?" कुणीतरी ओरडलं.

"आणि ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

ओफिरचा धाकटा भाऊ आल्देमार इतका वेळ मुकाट उभा होता. त्याने पातेलं उचलून मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं, आणि सात वर्षांच्या नातीला, सालोमेला, काखांत धरून त्यात बसवलं.

"झालं," ओफिर म्हणाली. "आता ते सामान नाही, सीट आहे."

बसमध्ये हशा पिकला आणि ड्रायव्हरने हात झटकून गाडी सुरू केली. सालोमे पातेल्याचे दोन्ही कान धरून राणीसारखी बसली होती. मागच्या वर्षापर्यंत ती त्यात मांडी घालून मावायची. आता गुडघे हनुवटीला टेकत होते. पुढच्या वर्षी ही यात मावायची नाही, असं आल्देमारच्या मनात आलं, आणि पाठोपाठ आठवलं, की पुढचं वर्ष नाहीच. येत्या बुधवारी सालोमे आणि तिची थोरली बहीण युरानी विमानात बसणार होत्या. हा नदीवरचा शेवटचा रविवार होता, आणि ते सालोमेला ठाऊक नव्हतं.

तिची आई मार्लेनी, म्हणजे आल्देमारची एकुलती एक मुलगी, स्पेनला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली तेव्हा सालोमे रांगत होती आणि थोरली युरानी नुकती शाळेत जायला लागली होती. वर्षात पोरींना तिकडे न्यायचे कागद होतील असं म्हणता म्हणता पोरगी सात वर्षांची झाली. आता झाले होते कागद. युरानीला सगळं माहीत होतं. ती बारा वर्षांची होती, आणि शहाण्या पोरींना कुणी काही सांगावं लागत नाही. सालोमेला मात्र एवढंच सांगितलं होतं, की आईला भेटायला जायचं आहे. भेटायला गेलेली माणसं परत येतात, हे सात वर्षांच्या पोरीला कळतं. म्हणून ती आनंदात होती.

"बाबा, तिला तुम्हीच सांगा," मार्लेनी फोनवर म्हणाली होती. "मी फोनमधून सांगितलं तर मी तिची वैरीण होईन. नदीवर सांगा, तिथे ती खूश असते." मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. "आणि खरंच तिने आकांत केला, नाहीच म्हणाली, तर राहू दे आणखी एखादं वर्ष. मला ती ओढून न्यायची नाहीये. ओळखपाळख नसलेल्या बाईकडे रडत आलेलं पोर मी कसं सांभाळू?"

त्या दिवसापासून आल्देमार मनात एकच हिशेब मांडत होता. पोरीने नाही म्हणायची खोटी, ती राहणार होती. आणि नाही म्हणायला लावणं काय अवघड होतं? तो तिकडे नसेल, एवढं एकच वाक्य पुरे होतं.

आल्देमार शहराच्या दक्षिणेला एका उंच इमारतीच्या फाटकावर राखणदार होता. आयुष्य त्याचं दुसऱ्यांना फाटक उघडण्यात गेलं. रविवारी सकाळी इमारतीतली मुलं फुगवलेली बदकं आणि सायकली गाडीत घालून बाहेर पडायची, तेव्हा तो फाटक उघडायचा. संध्याकाळी तीच मुलं मागच्या सीटवर झोपून परत यायची, तेव्हाही तोच उघडायचा. त्याला त्यांचा हेवा वाटायचा नाही. थोडा वाटायचा, पण तो कुणाला दाखवण्याएवढा नव्हता. दर दुसऱ्या रविवारी त्याला सुट्टी असे आणि त्या सुट्टीत नातींना देण्यासारखी एकच गोष्ट त्याच्याकडे होती, ती म्हणजे नदी. नदीला फाटक नाही आणि तिथे राखणदारही नाही, असं तो म्हणायचा. हा त्याचा एकुलता एक विनोद होता, आणि सालोमे दर वेळी त्याला हसायची.

पातेलं त्याच्या बायकोचं, नुबियाचं. ती होती तेव्हा भाड्याचा उघडा ट्रक भरून माणसं नदीवर जायची: दीर, नणंदा, मावश्या, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. तीन दगडांवर हे पातेलं चढायचं आणि त्यात कोंबडी, कच्ची केळी, युकाचे कंद, मक्याची कणसं असं सगळं पडून दुपारपर्यंत सांकोचो तयार व्हायचा. मग कुणी मेलं, कुणी चिलेला गेलं, कुणी कुणाशी भांडलं. शेवटी नुबियाही गेली आणि वीस माणसांच्या पातेल्याला चार माणसं उरली. ओफिर म्हणे, लहान पातेलं घे. आल्देमार म्हणे, लहान पातेल्यात सांकोचो होत नाही, त्याचं सार होतं. उरलेलं आजूबाजूच्या चुलींवर वाटून टाकायचं. नदीवर ती रीतच होती.

नुबियाचे दोन कायदे होते. पहिला दगडांचा. चुलीचे तीन दगड जुने, धुराने काळेभोर झालेले, पातेल्याच्या बुडाला बरोब्बर बसणारे. निघताना ते थंड करून बांबूच्या बेटात पालापाचोळ्याखाली लपवायचे, म्हणजे पुढच्या वेळी तेच सापडतात. दुसरा कायदा मिठाचा. नणंदा-जावा इतक्या, की पातेल्याजवळून जाणारी प्रत्येक जण 'राहिलं असेल' म्हणून मूठभर मीठ टाकून जायची. कुणाच्या तरी बारशाला सगळा सांकोचो असाच समुद्र झाला, तेव्हा नुबियाने फर्मान काढलं: जो मीठ टाकेल त्याने जोरात ओरडायचं, "मीठ पडलं!" सगळ्यांत लहान पोराने विचारायचं, "कुणी टाकलं?" आणि टाकणाऱ्याने आपलं नाव सांगायचं. "केलं ते बोंबलून सांगा," ती म्हणायची. "नाहीतर सगळेच करतात आणि निस्तरायचं मला."

गेली काही वर्षं "कुणी टाकलं?" ही सालोमेची नोकरी होती. पाण्याच्या मध्यावर असली तरी तिथून ती बेंबीच्या देठापासून ओरडायची, आणि इकडच्या तिकडच्या चुलींवरची माणसं हसायची.

नदीवर पोचल्या पोचल्या सालोमे बांबूच्या बेटात शिरली. "आहेत! तिन्ही आहेत!" ती आतून ओरडली. थोरले दोन दगड आल्देमारने आणि युरानीने आणले. धाकटा, नारळाएवढा, सालोमेचा. तो ती कुणाला उचलू द्यायची नाही. पोटाशी धरून, फेंगडी चालत ती आली आणि दगड जागेवर ठेवून तिने हात झटकले. फ्रॉकवर काळा डाग पडला.

"झाली माझी धुणी सुरू," ओफिर म्हणाली, आणि एकदम गप्प झाली. पुढच्या रविवारी कुणाचा फ्रॉक धुवायचा होता?

मुली ट्यूब घेऊन पाण्यात गेल्या. आल्देमारने चूल पेटवली. ओफिर दगडावर बसून युका सोलत होती, पण तिची नजर भावाच्या तोंडावर होती.

"सांगितलंस?"

"नाही."

"कधी सांगणार? विमान उडाल्यावर?"

"सांगतो, ताई."

"आल्देमार, मी तुझ्यासारखी भोळी नाही. मार्लेनी काय म्हणाली ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलंय. भिंत पत्र्याची आहे, मी काय कान कापून ठेवू?" तिने सोललेला कंद पाण्यात टाकला. "पोरीला फक्त एवढंच सांग, की आजोबा तिकडे नसतील. बाकी ती बघून घेईल. असा टाहो फोडेल की स्पेनपर्यंत ऐकू जाईल."

"म्हणजे मी तिला रडवायचं."

"रडवायचं कशाला? खरं सांगायचं. खरं ऐकून ती रडली तर तुझा काय दोष?" ओफिर खाली वाकली. "अरे, हात मोकळे राहिले ना, की माणूस लवकर मरतो. नुबिया गेली तेव्हा तू तगलास तो या दोघींमुळे. मी काय आंधळी आहे?"

आल्देमारने चुलीत लाकूड सरकवलं. ती म्हणत होती ते खरं होतं, आणि तेच तो गेले कितीतरी दिवस स्वतःला म्हणत होता. एक वर्ष. आणखी एक वर्ष काही जास्त मागणं नव्हतं. तिने फाटकावर यावं, शाळेतून येताना त्याच्या खोक्याएवढ्या चौकीत बसून चित्रं काढावीत, आणि दर दुसऱ्या रविवारी या पातेल्यात बसावं. गुडघे बाहेर आले तरी चालतील. त्याला जगाकडून आणखी काही नको होतं.

उकळी फुटली. त्याने पिशवीतून मिठाची पुडी काढली आणि मोठी मूठ पातेल्यात सोडली. ओरडायला म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात पाण्यात सालोमे ट्यूबवरून उलटी पडली आणि नाकातोंडातून पाणी काढत खदखदून हसत वर आली. तिच्याकडे बघता बघता ओरडायचं राहूनच गेलं. पुडी गुंडाळून त्याने पिशवीत ठेवली आणि लाकडं आणायला तो बेटाकडे गेला.

तिथे युरानी ओले केस पिळत उभी होती. केस पिळून झाले तरी तिच्या गालांवरून पाणी येतच होतं.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"पाय कापला का?"

"नाही." मग ती एकदम म्हणाली, "तुम्ही तिला ठेवून घेणार आहात ना?"

आल्देमार काटक्या गोळा करत होता. तो तसाच वाकलेला राहिला.

"मला माहितीय. ओफिरआजी शेजारणीला सांगत होती. सालोमे रडली तर ती राहणार." युरानीने नाक पुसलं. "मी रडले तर राहणार का, असं मला कुणी विचारलंच नाही."

"तू मोठी आहेस, बाळा."

"हो. मोठी आहे." ती बांबूच्या सालीचा तुकडा सोलत राहिली. "आजोबा, मला आई आठवते, पण थोडीच. तिचा लाल टॉवेल आठवतो. आता ती मला फोनमधलीच वाटते. तिकडे मी सकाळी उठणार, आई कामावर जाणार, आणि मी कुणाशी बोलू? निदान सालोमे असली तर रात्री तिला गोष्ट तरी सांगीन. ती झोपल्याशिवाय मला झोप येत नाही." आणि घाईघाईने म्हणाली, "पण तुम्हाला ती हवी असेल तर असू दे. तुम्ही पण एकटेच आहात."

असं बोलून ती निघून गेली. आल्देमार हातातल्या काटक्या धरून उभा राहिला. इतके दिवस त्याने हिशेब मांडला होता तो स्वतःचा, मार्लेनीचा आणि सालोमेचा. थोरली त्यात कुठेच नव्हती. ती कधी हट्ट करत नाही, म्हणून तिला काही नको असतं असं त्याने धरून चाललं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. एका नातीला पोटाशी धरायचं म्हणजे दुसरीला परक्या देशात एकटीला सोडायचं, हे इतकं उघड होतं आणि ते त्याला सांगायला बारा वर्षांची पोर लागली.

तो परत आला तेव्हा ओफिर डाव फिरवत होती. मुली पाण्यातून बाहेर आल्या. केळीच्या पानांवर भात वाढला गेला, वाडग्यांतून सांकोचो वाफाळू लागला. सालोमेने पहिला घोट घेतला आणि तिचे डोळे बाहेर आले.

"ईईई! खारट!"

ओफिरने चाखलं. "अगं आई गं!" ती म्हणाली. "हा सांकोचो आहे की समुद्र?"

सालोमेने डाव उचलून उभा धरला, जसा पोलीस दंडुका धरतो. "कुणी टाकलं?"

तिघंही एकमेकांकडे बघू लागली.

"कुणी टाकलं?" ती पुन्हा ओरडली. शेजारच्या चुलीवरची माणसं वळून पाहू लागली.

"मी टाकलं," आल्देमार म्हणाला.

"मी पण," ओफिर म्हणाली. "हा आपला तोंडाला कुलूप लावून बसलेला. म्हटलं, विसरला असेल."

युरानीने हळूच हात वर केला. "मी पण. कुणी ओरडलंच नाही, मग मला वाटलं राहिलं."

सालोमे पोट धरधरून हसायला लागली. तिला हसताना पाहून ओफिर हसली, शेजारची माणसंही हसली. पलीकडच्या चुलीवरून एका बाईने दोन सोललेले बटाटे आणून पातेल्यात टाकले. "मीठ ओढून घेतील," ती म्हणाली. पण तेवढं मीठ ओढायला बटाट्याचं शेत लागलं असतं.

"पण तुम्ही कुणीच ओरडला का नाहीत?" हसू ओसरल्यावर सालोमेने विचारलं. "कायदा आहे ना? आज सगळे असे गप्प का? सकाळपासून सगळे गप्पच आहेत."

ओफिरने भावाकडे पाहिलं. युरानी पानावरचा भात चिवडायला लागली. आल्देमारने वाडगं खाली ठेवलं.

"इकडे ये," तो म्हणाला.

ती आली आणि सवयीने त्याच्या मांडीवर बसली. ओल्या कपड्यांचा गारवा त्याच्या पँटमधून आत शिरला. तो आयुष्यात लांबलचक वाक्यं कधी बोलला नव्हता. आताही त्याला ती जमली नाहीत.

"तुम्ही बुधवारी आईकडे जाताय ना, ते भेटायला नाही. राहायला जाताय. शाळा पण तिकडेच."

सालोमे त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि मग परत कधी?"

"मोठी झालीस की. येशील कधीतरी सुट्टीत. विमान फार महाग असतं."

"आणि तुम्ही?"

"मी इथेच."

"ओफिरआजी?"

"ती पण इथेच."

ती मांडीवरून उतरली. रडली नाही. तिने एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा नदीकडे, आणि अगदी सरळ तोडगा सांगितला. "मग युरानी जाऊ दे. मी इथे राहते, तुमच्याजवळ."

ओफिरचे हात थांबले. युरानीने मान वर केली नाही. आल्देमारला वाटलं, आता नुसतं 'बरं' म्हटलं की झालं. त्याहून जास्त काही करायचं नव्हतं. मार्लेनीने परवानगी दिली होती, ओफिर साक्षीला होती, आणि पोर स्वतःच्या तोंडाने मागत होती. असं दान माणसाच्या हातात एकदाच पडतं.

"नाही," तो म्हणाला.

"का?"

खरं कारण तिच्या मागेच बसलं होतं, भात चिवडत. ते सांगितलं असतं तर सालोमेने जन्मभर बहिणीवर राग धरला असता. राग धरायचाच तर तो इथेच राहणाऱ्या माणसावर धरलेला बरा.

"माझ्याने होत नाही आता," आल्देमार म्हणाला. "म्हातारा झालो. ड्यूटी असते. पोर सांभाळणं झेपत नाही मला."

"मी काही त्रास देत नाही."

"देत नाहीस. पण झेपत नाही."

"मी चौकीत गप्प बसेन."

"नाही म्हटलं ना, सालोमे."

असा आवाज त्याने तिच्यावर कधी चढवला नव्हता. ती एक पाऊल मागे सरली. "तुम्हाला मी नकोय," ती म्हणाली. आल्देमार काही बोलला नाही, आणि त्या न बोलण्याचा तिने जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

नंतर कुणी फारसं जेवलं नाही. आल्देमारने मात्र आपलं वाडगं संपवलं, दुसरं घेतलं, तेही संपवलं. ओफिर म्हणाली, "बस कर, जीव देतोस का मीठ खाऊन?" शेवटी उरलेला सांकोचो त्याने बांबूच्या मुळाशी ओतला. नुबियाच्या पातेल्यातलं अन्न मातीत जाण्याची ती पहिलीच वेळ. कुणाला वाटण्यासारखं ते नव्हतंच.

चुलीवर पाणी मारलं, दगड चरचरून थंड झाले. थोरले दोन त्याने आणि युरानीने बेटात नेऊन ठेवले. ते परत आले तेव्हा सालोमे आपल्या दगडाशी उभी होती.

"कोणासाठी लपवायचे?" तिने विचारलं.

"माझ्यासाठी," आल्देमार म्हणाला. "मी येईन ना."

तिने दगड पोटाशी उचलला. पण बेटाकडे न जाता ती पाण्याकडे वळली, फेंगडी चालत काठापर्यंत गेली आणि जिथे पाणी खोल, हिरवं होतं तिथे तिने तो सोडून दिला. डुबुक असा आवाज झाला. "सालोमे!" युरानी ओरडली. सालोमेने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या फ्रॉकवर आता दोन काळे डाग होते.

परतीच्या बसमध्ये पातेलं आडवं येतं म्हणून कुणी तक्रार केली नाही. सालोमे खिडकीशी ओफिरच्या कुशीत तोंड खुपसून बसली. रिकामं पातेलं आल्देमारने दोन पायांत धरलं होतं, आणि खड्ड्यांवरून बस उडाली की ते घणघणत होतं. युरानी त्याच्याजवळ उभी होती. अर्ध्या वाटेवर तिने हळूच आपला हात पातेल्याच्या कानावर ठेवला, त्याच्या हाताशेजारी. 

बुधवारी विमानतळावर सालोमेने ओफिरला मिठी मारली, शेजारणीलाही मारली. आल्देमारसमोर ती आली ती युरानीने हात धरून ओढली म्हणून. तिने गाल पुढे केला, त्याने पापा घेतला. मग दोघी बहिणी हातात हात घालून काचेच्या दाराआड गेल्या. युरानीने तीनदा मागे वळून पाहिलं. धाकटीने एकदाही नाही. तिने बहिणीचा हात मात्र घट्ट धरलेला होता, ते त्याने नीट पाहून घेतलं.

"अरे दगडा," परत येताना ओफिर रडत म्हणाली, "हो म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

त्याने तिला युरानीचं बोलणं सांगितलं नाही. ते त्या पोरीने बांबूच्या बेटात सांगितलं होतं, चारचौघांत नाही.

पुढच्या रविवारी त्याची ड्यूटी होती. इमारतीतली मुलं बदकं घेऊन बाहेर पडली, त्याने फाटक उघडलं. दुपारी मार्लेनीचा फोन आला, तिकडे तेव्हा रात्र होत आली होती. युरानी बोलली, थंडी आहे म्हणाली, आणि आम्ही एकाच पलंगावर झोपतो असंही म्हणाली. सालोमे अंघोळ करतेय, असं मार्लेनीने सांगितलं. मागून टीव्हीचा आवाज आणि सालोमेचं हसू येत होतं. "बरं," आल्देमार म्हणाला. "तिची अंघोळ होऊ दे."

त्यानंतरच्या रविवारी तो नदीवर गेला. ओफिर आली नाही. गुडघे म्हणाली, पण गुडघे तर आधीही होतेच. पातेलं बसमध्ये चढवताना ड्रायव्हरने तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता मिटलं.

बेटातून त्याने दोन दगड काढले. मग पँटसकट तो त्या हिरव्या पाण्यात कमरेपर्यंत उतरला. वाकून, चाचपून तो तळातले दगड वर काढत राहिला. सगळे सारखेच, गोल, गुळगुळीत, राखाडी. काजळी दोन दिवसांतच धुऊन गेली असणार. त्यातला तिचा कुठला हे ओळखायला काहीच खूण उरलेली नव्हती. शेवटी नारळाएवढा एक त्याने निवडला आणि काठावर आणला. दोन काळ्या दगडांत तो राखाडी तिसरा उपरा दिसत होता. पातेलं त्यावर जरा कललं. त्याने खाली चपटा खडा सरकवला.

कोंबडीचा एक पाय, दोन केळी, एक युका. पातेल्याच्या तळाशी ते सगळं इतकंसं दिसत होतं. काठावर पोरं ओरडत होती, पलीकडच्या चुलीवर कुणाची तरी आजी पोरांना मारायला डाव घेऊन धावत होती. पाण्याला उकळी फुटली तशी आल्देमारने पुडी उघडली, चिमूटभर मीठ घेतलं आणि सोडलं.

मग तो उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून मोठ्याने ओरडला, "मीठ पडलं!"

शेजारच्या चुलीवरची माणसं वळून पाहू लागली. पाण्यातली दोन पोरंही थांबून पाहू लागली. तो पाण्याच्या मध्याकडे बघत थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खाली बसून त्याने लाकूड आत सरकवलं.

"मी टाकलं," तो म्हणाला, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.